एकत्रित ग्रंथशोधात कोणाचे उत्तर आले नाही, तेही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अनेक ग्रंथालयांच्या तालिका (कॅटलॉग) इंटरनेटवर एकाच वेळी धुंडाळण्याची सोय आता इतिहासाच्या अभ्यासकांच्या अंगवळणी पडली आहे. तिचे दोन प्रकार आहेत. जर्मनीतील कार्ल्सरूह येथे १९९६ साली सुरू झालेली सामायिक तालिका स्वतःकडे नोंदी न साठवता आपला प्रश्न निरनिराळ्या तालिकांकडे पाठवते आणि आलेली उत्तरे समोर मांडते; 'वर्ल्डकॅट' या सामूहिक तालिकेत मात्र १९७१ पासून सभासद ग्रंथालयांच्या नोंदी एकाच ठिकाणी गोळा होत आल्या आहेत. या सोयीमुळे वाचलेले श्रम मी स्वतः अनुभवले आहेत आणि म्हणूनच तिच्यातील एक उणीव मांडणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या प्रकारच्या एका शोधपानावर मी एका प्रवाशाची हस्तलिखित रोजनिशी शोधली, तेव्हा 'शून्य नोंदी' असे उत्तर आले. काही दिवसांनी एका ग्रंथालयाची स्वतःची तालिका सहज उघडली, तर तीच रोजनिशी 'अपूर्ण, शेवटची पाने गहाळ' या शेऱ्यासह पहिल्याच खेपेला सापडली. चौकशी केल्यावर कळले की, त्या दिवशी त्या ग्रंथालयाचा सर्व्हर ठरलेल्या वेळेत उत्तर देऊ शकला नव्हता आणि न आलेले उत्तर शून्यात जमा झाले होते. पडद्यावर याचा कुठेही उल्लेख नव्हता. अशा शून्यावर विसंबून एखाद्या साधनाचा नाद सोडणारे आणखी किती जण असतील, या विचाराने मी खरोखर अस्वस्थ झालो.

शिवाय एकत्रित शोधात सर्व तालिकांना समान असलेले लेखक, शीर्षक, विषय एवढेच रकाने बहुधा उरतात. समासातील टिपा किंवा पूर्वीच्या मालकाचे नाव मूळ तालिकेतच राहते. अभिलेखागारात तर पत्रांच्या अख्ख्या गठ्ठ्याची मिळून एकच नोंद असू शकते, त्यामुळे त्यातले एखादे पत्र नावाने शोधून हाती लागत नाही. लिप्यंतराचाही प्रश्न आहेच: अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने चिनी नावांसाठी २००० साली पिनयिन ही रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत स्वीकारली, पण जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या शीर्षकांत बेजिंगचे 'पेकिंग' हे जुने रूप आहे तसेच राहते, आणि केवळ 'बेजिंग' शोधणाऱ्याला ती पुस्तके शीर्षकावरून सापडत नाहीत.

म्हणून अशा प्रत्येक शोधपानाने निकालाच्या वरच कोणत्या तालिकांना प्रश्न गेला, कोणाचे उत्तर आले, कोणाचे आले नाही, आणि नोंदी साठवलेल्या असतील तर त्या शेवटच्या केव्हा अद्ययावत केल्या, हे स्पष्ट छापावे. संशोधनपत्रिकांच्या संपादकांनाही माझी विनंती आहे की, 'अन्य प्रत उपलब्ध नाही' असे विधान आले, तर कोणत्या तालिका, कोणत्या तारखेला आणि नावाची कोणती रूपे देऊन पाहिल्या, याची तळटीप लेखकाकडून अवश्य मागावी.

आपला,
इतिहासाचा एक अभ्यासक