नव्या दोरीचे बिल, परत आली गाठ मारलेली जुनीच

प्रति,
व्यवस्थापक, सर्व्हिस विभाग

विषय: काइटबोर्डिंग कंट्रोल बारची धोकादायक दुरुस्ती

महोदय,

पाण्यावर फळीवर उभ्या माणसाला ओढणारा मोठा पतंग, म्हणजे काइट, ज्याने हाताळतात तो माझा बार तुमच्याकडे कुरिअरने पाठवला तेव्हा तीन कामे सांगितली होती: डिपॉवर लाइन (बारच्या मधल्या भोकातून जाणारी, काइटचा जोर कमी करायची दोरी) बदलणे, क्विक रिलीज (संकटात काइटपासून झटकन सुटायची कळ) उघडून साफ करणे आणि चारही दोऱ्यांची लांबी जुळवणे. तिन्हींचे पैसे तुम्ही आगाऊ घेतले.

बिलावर ‘नवी डिपॉवर लाइन’ असे स्पष्ट लिहिले आहे. बारवर मात्र जुनीच दोरी आहे. बारच्या मधल्या भोकात घासून जिथला लेप उडाला होता, तेवढाच तुकडा कापून उरलेली टोके गाठ मारून जोडली आहेत. वडगावात माग चालवणारा माझा मित्र ती बघून म्हणाला, “सुताला चालतंय रे हे, माणूस टांगायला न्हवं.” हार्नेसच्या, म्हणजे अंगावरच्या पट्ट्याच्या, हुकापासून पुढच्या दोऱ्यांपर्यंतचा सगळा ताण याच एका दोरीवर येतो. डायनीमा या कृत्रिम तंतूचा हा धागा मुळात निसरडा, त्यात गाठीमुळे त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. शिवाय ही गाठ भोकात अडकते. म्हणजे वाऱ्याचा झोत आला की बार पुढे सोडून काइटचा जोर कमी करायचा, तर बार मध्येच थांबतो. दोरी तुटली नाही तरी मी फरफटत जाणारच.

क्विक रिलीजची स्लीव्ह (ढकलून उघडायची सरकती नळी) ताण देऊन ढकलली, तर ती अडखळत उघडली आणि आतून वाळू सांडली. गोड्या पाण्याने धुण्याचेही कष्ट कोणी घेतलेले नाहीत. रिलीजसाठी आयएसओ २१८५३:२०२० हे मानक आहे. तुमच्या कारागिराला ते माहीत असावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चारही टोके झाडाला अडकवून दोऱ्या ताणल्या. जास्त भार पेलून ताणलेल्या पुढच्या दोऱ्या मागच्यांपेक्षा चार बोटे लांब भरल्या. अशाने काइट मागे बसते, म्हणजे नीट उडायचे सोडून मागे ढासळते. तिसरे कामही झालेले नाही.

फोनवर तुमच्या माणसाने विचारले, “बेळगावात कुठला समुद्र?” नाही, ठाऊक आहे. आम्ही चोर्ला घाट उतरून गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर जातो. मग ईमेल आला की झीज वॉरंटीत बसत नाही. वॉरंटी मागितली कोणी? दोरी झिजतेच, म्हणून तर पैसे मोजून बदलायला दिली. माझी तक्रार झिजेची नाही, दुरुस्तीची आहे.

अखंड, टोकाला स्प्लाइस केलेली (गाठ न मारता दोरी दोरीतच ओवून पक्की केलेली) नवी डिपॉवर लाइन बसवून द्या, रिलीज भार देऊन तपासा, दोऱ्या जुळवा आणि दोन्ही वेळचा कुरिअर खर्च सोसा. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करा. १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी बेळगावच्याच जिल्हा आयोगात जाईन. तक्रारदार राहतो तिथे दाद मागता येते.

आपला ग्राहक,
टिळकवाडी, बेळगाव

सोबत: बिलाची प्रत, गाठीचे फोटो, रिलीज अडकतानाचा व्हिडिओ