म्हातारीचं डोकं

ब्रिस्टॉल,
१२ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "बाहुलीच्या डोक्याचा एवढा विचार कसला करतेस? तिकडे थर्माकोल मिळतो ना, घे आणि कोर." तेव्हा मागे करवत चालू होती, धड बोलता आलं नाही. म्हणून आज बैजवार लिहायला बसले. आईलाही वाचून दाखवा, कारण शेवटी तिच्यासाठी एक काम आहे.

ही बाहुली म्हणजे नाटकातली म्हातारी, ती नदीची राखण करते. माणसाहून उंच. तिचं डोकं अंबाडा धरून चार फुटांचं आहे. ते पाठीवरच्या चौकटीवर पेलून एक मुलगी दर प्रयोगात चाळीस मिनिटं वावरणार, वाकणार, एकदा गुडघ्यांवर बसणार. आपल्या मंडळाचा बकासुर लोखंडी सांगाड्यावर बसायचा आणि त्याची मान मोटर हलवायची. त्याचं वजन कुणा माणसाला वाहावं लागत नव्हतं. इथे सगळा प्रश्न वजनाचा आहे.

म्हणून आधी गणित मांडलं. चार फुटांचा पोकळ गोल धरला तर वरचं क्षेत्रफळ साडेचार चौरस मीटरच्या आसपास येतं. त्यावर दोन मिलिमीटर फायबर चढवलं की तेरा किलो होतात. कागदाचा तीन मिलिमीटरचा कडक थर दिला तर नऊ किलो. गादीचा दोन सेंटिमीटरचा फोम घेतला तर जेमतेम पावणेतीन. आणि थर्माकोल भरीव ठेवला तर तोही तेरा किलोंच्या पुढे जातो! तुकडा हातात घेतला की काहीच वाटत नाही, पण चार फुटांचा गोळा म्हणजे नऊशे लिटर थर्माकोल झाला. शिवाय पहिल्याच आठवड्यात मी नमुन्याच्या नाकावर कपाळपट्टी चिकटवायला सोल्युशन लावलं आणि नाक माझ्या डोळ्यांदेखत आत आत खचत गेलं. सोल्युशनमधला द्रावक थर्माकोल खातो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. दोन दिवसांचं काम गेलं. थर्माकोलवरच्या २०१८ च्या बंदीनंतर तुम्ही मखरं पुठ्ठ्याची करायला लागलात, मला तर तीच जास्त देखणी वाटतात.

फायबरला मी नावं ठेवत नाही. तुळशीबागेच्या गणपतीसाठी १९७५ साली फायबरची मूर्ती केली, तिथे ते शोभतंच. मूर्ती जागेवर बसते, ट्रॉलीवरून निघते, वर्षानुवर्षं टिकते. पण माणसाच्या खांद्यावर फायबर देऊ नये, असं माझं ठाम मत झालंय.

वर्कशॉपमधल्या सगळ्यांचा कौल फोमला होता. त्यांचंही खरं आहे. हलका, कात्रीने कापता येतो, आदळला तर फुटत नाही. दोन्ही कडांना सोल्युशन लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच जोडायचं. जुळलं ते जुळलं, सोडवायला गेलं तर फोमच फाटतो. मी तसं एक डोकं करून पाहिलं. पण म्हातारीने मान हलवली की गाल लदलदायचे. विदूषकाला ते चालेल, हिला नाही. सुरकुतीची कडही फोममध्ये बोथट होते, आणि एवढ्या मोठ्या चेहऱ्याला सुरकुती हवीच. जबडा उघडमीट झाला तरी त्या चेहऱ्याचे ओठ, भुवया काही हलत नाहीत. मान जराशी खाली गेली की डोळ्यांच्या खोबणीत सावली उतरते आणि म्हातारी चिडल्यासारखी दिसते, वर झाली की तोच चेहरा निवळतो. भाव दाखवायला तिच्याकडे सावलीच आहे, आणि सावलीला धारदार कड लागते.

शेवटी वेत ठरला. केप टाउनच्या हँडस्प्रिंग मंडळींनी केलेली अमल नावाची साडेतीन मीटर उंच बाहुली २०२१ मध्ये तुर्कस्तानातून निघून इंग्लंडात मँचेस्टरपर्यंत आली, तिच्यातही वेत आणि कार्बन फायबर आहे. एवढा प्रवास पेलणाऱ्या सामानावर माझा विश्वास बसला. वेत गरम पाण्यात अर्धा तास बुडवला की दोरीसारखा वळतो. बुरूड आळीत तुम्ही मला टोपल्यांचे काठ वळताना दाखवायला न्यायचात, तेव्हाचं सगळं आठवलं. आठ मिलिमीटर जाडीचा चाळीस मीटर वेत लागला, तो सव्वा किलोसुद्धा भरला नाही. त्यावर मिलिमीटरभर कागद, फक्त चेहऱ्याला दोन थर जास्त. अंबाडा नुसता विणलेला, उघडा. फोम फक्त आत, मुलीच्या पाठीला चौकट टेकते तिथे. सगळं मिळून साडेचार किलो झालं. रंग मॅट घेतलाय, नाहीतर दिव्याखाली कपाळ चमकतं. आणि रंगमंचावर येणाऱ्या वस्तूंना इथे आगीपासून बचावाचं द्रावण मारावंच लागतं, ते कागदाने नीट शोषून घेतलं.

तरी ती पुढे झुकत होती, नाकाडोळ्यांचं वजन सगळं पुढे. कुणीतरी म्हणालं, मागे वाळूची पिशवी बांधू. मी नाही म्हटलं. तुमचा ओळंबा मी इकडे आणलाय ना, तो काढला. डोकं कानाजवळून टांगलं, ओळंबा सोडला आणि त्या रेषेत आतून लाल दोरा ताणला. मग टाळूपासून टांगून दुसरा दोरा. दोन दोरे जिथे एकमेकांना भेटले तिथे वजनाचा मध्य, बरोबर गालफडांच्या मागे. चौकटीचा खांब तेवढा पाच इंच पुढे घेतला. मुलगी डोकं घालून उभी राहिली, दोन पावलं चालली, आणि आतून तिचा आवाज आला की आता ही माझ्याबरोबर येतेय. बाबा, मला फार बरं वाटलं.

आता अडलंय जबड्यापाशी. मला कागद आणि वेत जोडणारा बिजागर हवाय, पण लोखंडी नको. बकासुराचा जबडा तुम्ही कामट्यांना सुतळी बांधून उघडमीट करवला होता, तो गणपतीचे दहाही दिवस टिकायचा. ते डोकं अजून मंडळाच्या माळ्यावर असेल. ते खाली काढून कानाखालच्या गाठीचा आतून फोटो पाठवाल? टॉर्च लावून, जवळून. आणि गाठ सोडवू नका, सुतळी जुनी आहे. मंडळातली पोरं माळा आवरायला काढणार असं मागे म्हणाला होतात, तर त्यांना सांगा की ते डोकं टाकायचं नाही.

आईला विचारायचंय ते खळीबद्दल. ती मैद्याच्या खळीत मोरचूद घालायची, ते इथे चालणार नाही, मुलीचं तोंड त्या कागदापासून वीतभर अंतरावर असतं. मी लवंगेचं तेल घालतेय. पण इथल्या दमट हवेत एकेक थर वाळायला दोन-दोन दिवस लागतात आणि खळ तेवढ्यात आंबते. पाणी किती घालायची ती? मला वाटतं माझीच खळ पातळ होतेय.

पुढचा थर शनिवारी द्यायचा आहे, त्याआधी फोन करते.

तुमची,
मुक्ता