बिनव्याजी कर्जाला आधी चोख वही हवी

मा. संपादक,

इस्लामिक बँकिंगचा, म्हणजे व्याज न घेता चालणाऱ्या बँकिंगचा, विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच धर्मावर घसरते. माझी नोकरी पतसंस्थेच्या कर्ज विभागात गेली, त्यामुळे मला त्यातला व्यवहार आधी दिसतो.

त्याचे मूळ सूत्र असे की पैसे देणाऱ्याला नफा हवा असेल तर त्याने जोखीमही घ्यावी. मुदारबा या भागीदारीच्या प्रकारात बँक भांडवल घालते, उद्योजक कष्ट. नफा ठरल्या हिश्शाने वाटायचा, तोटा आला तर पैशाची झळ बँकेला. मुराबहा या खरेदी-विक्रीच्या प्रकारात बँक वस्तू स्वतः विकत घेते आणि आपला नफा उघड सांगून हप्त्याने विकते. समजा, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जॉबवर्कवाल्याला ८ लाखांचा लेथ हवा आहे. बँक तो घेऊन त्याला साडेनऊ लाखांना देईल. आकडा तिथेच गोठला. चार महिने काम नाही आले, हप्ते थकले, तरी रक्कम फुगत नाही. विलंबशुल्क घेतलेच तर ते दानधर्माला जाते. आमच्याकडे मुद्दल बाजूला आणि दंडव्याजच मोठे, अशी खाती मी कितीतरी पाहिली.

व्याज सरसकट वाईट असे मी म्हणत नाही. उसाचे बिल १४ दिवसांत न दिल्यास कारखान्याने १५ टक्के व्याज द्यावे असा नियम आहे, तिथे व्याजच शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहते. (पदरात पडते का, ते वेगळे.)

शिवाय या बँकाही प्रत्यक्षात भागीदारीपेक्षा मुराबहावरच जास्त चालतात. कारण भागीदारीत समोरच्याची वही खरी लागते. आपल्याकडे एक वही आयकराला, एक बँकेला, तिसरी घरात. नफा वाटायची वेळ आली की धंदा नेमका तोट्यात! इजिप्तमध्ये मीत घम्र इथे अहमद अल-नज्जार यांनी १९६३ मध्ये बिनव्याजी बचत बँक काढली, ती छोट्या गावात. तिथे कोणाचा धंदा कसा चालला आहे, हे लपत नाही.

आपल्याकडे बँकांना हे जमणे कठीण आहे. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचे कलम ८ त्यांना मालाची खरेदी-विक्री करू देत नाही. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो विषय बंद केला. पतसंस्था मात्र राज्याच्या सहकार कायद्याखाली येतात. सहकार खात्याने एखाद्या पतसंस्थेला चप्पल कारागिरांसाठी हा प्रयोग करू द्यावा, कारागीर कोणत्याही जातिधर्माचा असो. चामड्याचे पैसे संस्थेने घालावेत आणि माल खपल्यावर हिस्सा घ्यावा. चामडे किती आले आणि जोड किती निघाले, हे मोजता येते. त्यात वही फारशी फिरवता येत नाही.

आपला,
एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी,
शाहूपुरी, कोल्हापूर