गेटचं कुलूप आणि आमचं १९६०

गिरगाव, मुंबई

प्रिय अवधूत,

गुहागरच्या घराला गेट बसलं म्हणायचं एकदाचं! आकडे दाबून उघडणारं वायरलेस कुलूप लावू का, असं विचारतोस. लाव. पण आधी आमच्या चाळीची कर्मकहाणी ऐक.

वायरलेस घेतलं ते चाळीची दगडी भिंत फोडायला कुणी तयार होईना म्हणून. कीपॅड गेटच्या खांबावर, सेलवर चालणारा. आकडे दाबले की तो जिन्याखालच्या रिसीव्हरला ४३३ मेगाहर्ट्झवर निरोप धाडतो. रिसीव्हर कुलपातल्या चुंबकाची वीज तोडतो, गेट सुटतं. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार म्हणाला होता, शंभर मीटर चालेल. चालतं की, मोकळ्या मैदानात! आमच्याकडे मध्ये दीड हात जाडीची भिंत आणि मीटरचं लोखंडी कपाट. रिसीव्हर खिडकीत आणला, तेव्हा कुठे जमलं.

खरी गंमत कोडची. मीटिंगमध्ये पाऊण तास भांडून ठरलं, १९६०. महाराष्ट्र झाला ते साल, कोण विसरेल? कुणीच विसरलं नाही. दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, रोज नवीन येणारी कुरियरची पोरं, सगळ्यांना पाठ! दिवाळीपर्यंत दहा बटणांपैकी चारच काळवंडली. चार आकडी कोड एकूण दहा हजार. पण चार आकडे कुठले ते दिसलं की उरतात फक्त चोवीस. त्यात १, ९, ६, ० पाहून गिरगावकर दुसरा कुठला लावून बघणार? एका दुपारी दोन अनोळखी पोरं जिन्यात डबा खात बसलेली. ‘आत कसे आलात रे?’ तर म्हणतात, ‘काका, साल टाकलं.’ मला हसावं की रागवावं कळेना.

आता प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा सहा आकडी कोड आहे. दूधवाल्याचा निराळा, तो बदलला की त्याचा तेवढा पुसायचा. हे आधीच सुचायला हवं होतं.

तुला दोन गोष्टी सांगतो. एक, रोलिंग कोडवालाच घे. साध्या यंत्राचा निरोप दर वेळी तोच असतो; कुणी तो हवेतून पकडून पुन्हा सोडला की गेट उघडलं. रोलिंगमध्ये तो दर वेळी बदलतो, जुना चालत नाही. दुसरं, चुंबकाच्या भानगडीत पडू नकोस. वीज गेली आणि बॅटरीही संपली की ते आपोआप सुटतं. आमच्या लाकडी जिन्याला तेच बरं, आग लागली तर माणसं अडकायला नकोत. पण तुझ्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळ असते ते मी पाहिलंय! तू वीज गेल्यावरही बंदच राहणारं घे, आणि बाहेरून किल्ली लागेल असं बघ. ती किल्ली कुंडीखाली ठेवू नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे. कीपॅडवर छोटंसं छप्पर कर; खारा वारा सेलच्या पट्ट्या खातो.

गणपतीला येतोयस ना? आमचा कोड पत्रात लिहीत नाही. खालून हाक मार, मी उतरतो.

तुझा,
विनायक