हिऱ्याचा घाट ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी निवडावा

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या लग्नसराईच्या पुरवणीत हिऱ्यांच्या खरेदीविषयी एक सल्लावजा लेख प्रसिद्ध झाला. 'पहिला हिरा घ्यायचा तर गोलच घ्यावा, बाकीचे आकार ही केवळ हौस' असा त्याचा एकंदर सूर आहे आणि घरातील जुने हिरे नव्याने पैलू पाडून 'आजच्या काळाला शोभतील असे' करून घ्यावेत, असेही त्यात सुचवले आहे. मी मुंबईत ऑपेरा हाउसच्या एका पेढीत २८ वर्षे हिऱ्यांच्या सॉर्टिंगचे, म्हणजे प्रतीनुसार निवड करण्याचे, काम केले. चिमट्यात धरलेला हिरा आयग्लासखाली फिरवून पाहणे हाच माझा रोजचा दिवस होता. त्या अनुभवाच्या आधारे या दोन्ही सल्ल्यांविषयी काही लिहावेसे वाटते.

गोल हिऱ्याविषयी माझी मुळीच तक्रार नाही. त्याचा मान त्याने कमावलेला आहे. अँटवर्पच्या हिरे घडवणाऱ्या घराण्यातील मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली या घाटाचे गणित मांडून प्रसिद्ध केले. तळाचे पैलू ४०.७५ अंशांवर, माथ्याचे ३४.५ अंशांवर आणि वरचा सपाट पैलू, म्हणजे टेबल, एकूण रुंदीच्या ५३ टक्के, अशी ती मापे होती. हिऱ्याच्या आत २४.४ अंशांहून अधिक तिरका येऊन पैलूवर आदळलेला किरण बाहेर निसटू शकत नाही, तो आतच परततो. तळाचे कोन नेमके ठेवले की असा किरण एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाऊन पुन्हा पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे येतो. सत्तावन्न पैलूंचा चांगला घडवलेला गोल हिरा कुठल्याही उजेडात, कुठल्याही कोंदणात आणि कुठल्याही हातात चमकतो, तो यामुळे. ज्यांना हिऱ्यातून लखलखाट हवा आहे, त्यांनी तोच घ्यावा. मात्र टोल्कोव्स्कींच्या गणिताने किरण किती परततात आणि त्यांचे रंग किती फाकतात, या प्रश्नांचे उत्तर दिले. प्रत्येक माणसाला हिऱ्यात लखलखाटच पाहायचा असतो, असे त्या गणितात कुठेही सिद्ध झालेले नाही.

मला स्वतःला पाहायचे असते ते हिऱ्याचे पाणी. आपल्या भाषेत उत्तम हिऱ्याची जुनी स्तुती 'पाणीदार' या शब्दानेच होते आणि तो शब्द मला फार अचूक वाटतो. हे पाणी मला सर्वांत स्पष्ट दिसते ते एमराल्ड घाटाच्या हिऱ्यात. लांबट चौकोन, छाटलेले कोपरे आणि कडेने एकाखाली एक उतरत गेलेले लांब, सपाट पैलू, असा त्याचा आकार असतो. आपल्याकडे हिऱ्याच्या घडणीला आणि नदीकाठच्या पायऱ्यांना एकच शब्द आहे, घाट. एमराल्ड घाटाचा हिरा वरून पाहताना मला दर वेळी बारवेच्या पायऱ्या आठवतात. वरच्या पायरीवर ऊन, मधल्या पायऱ्यांवर सावली आणि खाली तळाशी स्थिर पाणी. हात किंचित हलवला की एक अख्खी पायरी आरशासारखी पांढरी होते आणि दुसरी काळी पडते. बारीक ठिणग्या त्यात नसतात, प्रकाश रुंद पट्ट्यांनी उघडतो आणि मिटतो. पेढीत सकाळी उत्तरेकडच्या खिडकीशी बसून सॉर्टिंग करताना एमराल्डची पुडी उघडली, की मी पहिला दगड उचलण्याआधी क्षणभर नुसती पाहत राहत असे.

या घाटाची अडचणही सांगितली पाहिजे. तो काहीच लपवत नाही. गोल हिऱ्यात पैलूंच्या गर्दीमागे दडून जाणारा काळा ठिपका एमराल्डच्या उघड्या टेबलाखाली साध्या डोळ्यांना दिसतो आणि पिवळसर झाकही अधिक जाणवते. त्यामुळे तो घ्यायचा तर वजनात थोडे कमी घ्यावे, पण दगड स्वच्छ घ्यावा. अ‍ॅम्स्टरडॅमच्या जोसेफ अ‍ॅशर यांनी १९०२ मध्ये घडवलेला, त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा चौरस घाट याच जातीचा आहे आणि त्यालाही हाच नियम लागू आहे.

माझी आवड मी इतरांवर लादू इच्छित नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना मार्कीज आवडे, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळता झालेला, होडीसारखा आकार. आपली बोटे आखूड आहेत आणि हा हिरा बोटावर उभा बसवला की ती लांब दिसतात, असे त्या मोकळेपणाने सांगत. ही निवड अगदी विचारपूर्वक केलेली होती. एक कॅरेटचा गोल हिरा वरून साधारण साडेसहा मिलिमीटर दिसतो, तेवढ्याच वजनाचा प्रिन्सेस, म्हणजे टोकदार कोपऱ्यांचा चौरस, साडेपाच मिलिमीटरच्या आसपास, तर मार्कीज लांबीला जवळजवळ दहा मिलिमीटर भरतो. वजन तेच असून हातावरचा ठसा इतका वेगळा असतो. ज्यांचा हात दिवसभर कामात असतो, त्यांनी प्रिन्सेसचे कोपरे आणि पेर, म्हणजे थेंबासारख्या, आकाराचे टोक कोंदणात नीट झाकलेले आहे ना, हे पाहावे, कारण हिरा कठीण असला तरी टोकावर बसलेल्या ठोक्याने त्याचा टवका उडू शकतो. ओव्हल, पेर आणि मार्कीज या तिन्ही आकारांत मध्यभागी फुलपाखराच्या पंखांसारखी काळी सावली पडण्याचा संभव असतो. काही दगडांत ती पुसट असते, काहींत अर्धा हिरा मेल्यासारखा दिसतो. प्रमाणपत्राच्या कागदावर ती उमटत नाही.

कागदाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट जरा सविस्तर लिहिते, कारण नेमका इथेच आपल्या लेखात घोटाळा झाला आहे. दुकानात 'कट' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. गोल, ओव्हल, एमराल्ड हे आकारही 'कट' आणि तो आकार किती नेटका उतरला आहे, ही प्रतही 'कट'. जीआयए ही हिऱ्यांची प्रतवारी करणारी अमेरिकेतील संस्था २००६ पासून प्रमाणपत्रावर या दुसऱ्या अर्थाने 'कट'ची प्रत देऊ लागली, ती गोल हिऱ्यांसाठी. माझ्या हाताखालून गेलेल्या इतर आकारांच्या प्रमाणपत्रांत पॉलिश आणि सिमेट्रीची नोंद असे, 'कट'ची प्रत नसे. आपल्या लेखात 'गोल हिऱ्याचा कट एक्सलंट असतो, बाकीच्यांचा नसतो' असे जे विधान आले आहे, ते या रिकाम्या जागेचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे आले असावे. एमराल्ड किंवा ओव्हल कमी प्रतीचा असतो म्हणून ती नोंद नसते असे नाही. त्या आकारांची प्रमाणे इतकी निरनिराळी असतात की एका कोष्टकात ती बसवणे अवघड आहे. किमतीवरूनही असाच गैरसमज होतो. त्याच वजनाचा आणि त्याच शुद्धतेचा गोल हिरा बहुतेक वेळा अधिक महाग असतो. त्याला मागणी जास्त आहे हे एक कारण, आणि तो घडवताना कच्च्या दगडाचे साधारण निम्मे वजन सुरतेच्या घंटीवर, म्हणजे पैलू पाडण्याच्या चाकावर, भुकटी होऊन जाते, हे दुसरे. प्रिन्सेसमध्ये त्याहून बरेच वजन वाचते. जास्त पैसे मोजले म्हणजे जास्त सुंदर वस्तू मिळाली, असा हिशेब इथे लावता येत नाही.

आता जुन्या हिऱ्यांविषयी. माझ्या आजीच्या हिऱ्याच्या कुड्या माझ्याकडे आहेत. मध्ये एक आणि भोवती सहा, असे प्रत्येकी सात हिरे. सगळे हाताने घडवलेले, त्यामुळे त्यांतले कोणतेही दोन एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. कडा पुरत्या गोल नाहीत, माथा उंच आहे, टेबल लहान आहे आणि तळाचे टोक छाटून सपाट केलेले असल्यामुळे समोरून पाहिले की प्रत्येक हिऱ्याच्या मधोमध एक इवलेसे वर्तुळ दिसते. आजच्या प्रतवारीत यांतली प्रत्येक गोष्ट उणेपणात धरली जाईल. पण दिवाळीच्या पहाटे पणत्यांच्या उजेडात मी त्या कानांत घालते, तेव्हा तांबडा आणि हिरवा रंग त्यांतून मोठ्या, संथ थेंबांसारखा सुटतो. हे हिरे दिव्याच्या ज्योतीसमोर पाहण्यासाठीच घडवले गेले होते. विजेच्या झगझगीत दिव्याखाली ते मंद वाटले, तर तो त्यांचा दोष म्हणता येणार नाही.

अशाच कुड्या माझ्या थोरल्या जाऊबाईंकडेही होत्या. काही वर्षांपूर्वी एका सराफाने त्यांना सांगितले की हे हिरे जुन्या पद्धतीचे आहेत, पुन्हा पैलू पाडून घेतले की दुप्पट चमकतील. जाऊबाईंनी विश्वासाने कुड्या दिल्या. चौदा हिऱ्यांचे मिळून पावणेतीन कॅरेट वजन होते, परत आले ते दोन कॅरेटच्याही आत, आणि किती वजन जाईल याची कल्पना त्यांना आधी कोणी दिलेली नव्हती. हिरे चमकत होते, यात शंका नाही. पण जाऊबाईंनी त्या कुड्या हातात घेतल्या, आरशासमोर कानाशी धरून पाहिल्या आणि पुन्हा डबीत ठेवल्या. 'सासूबाईंच्या नाहीत या आता,' एवढेच त्या म्हणाल्या. मी त्याच धंद्यात असून त्यांनी मला आधी विचारले नाही आणि मीही कधी आपण होऊन हा विषय काढला नाही, याची खंत मला अजून आहे.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. कोहिनूर १८५१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडला, तेव्हा तो पुरेसा चमकत नाही म्हणून लोक निराश झाले आणि पुढच्याच वर्षी तो नव्याने घडवण्यात आला. आजच्या मापाने सुमारे १९१ कॅरेटचा हिरा १०५.६ कॅरेटवर आला. आपल्याकडे मोठ्या हिऱ्याचे वजन आणि त्याचा मूळ घाट शक्यतो राखण्याकडे कल होता. त्या आवडीचा तिथे कोणी विचारच केला नाही. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानचा 'नासक' हिरा इंग्रज-मराठा युद्धानंतर १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा तो सुमारे ९० कॅरेटचा होता. लंडनमध्ये घडवल्यावर तो ८० च्या आसपास आला आणि १९४० मध्ये हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याने पॅरिसमध्ये विकत घेऊन तो पुन्हा घडवला, तेव्हा ४३.३८ कॅरेट उरला. आज तो एमराल्ड घाटाचा आहे, म्हणजे माझ्या सर्वांत आवडत्या घाटाचा. तरीही त्याविषयी वाचताना मला समाधान वाटत नाही. नवा दगड घडवताना हवा तो घाट खुशाल निवडावा, पण ज्या हिऱ्याला पिढ्यान् पिढ्या एका रूपात पाहिले गेले आहे, तो आपल्या काळाच्या आवडीसाठी घासून टाकणे मला पटत नाही. त्यातून गेलेले वजन आणि गेलेले रूप, दोन्ही परत आणता येत नाही. मॉस्कोत क्रेमलिनमध्ये असलेला ओर्लोव्ह हिरा अर्ध्या अंड्यासारख्या आपल्या जुन्या भारतीय घाटासह तसाच राखलेला आहे आणि एकाही कॅरेटची झीज न करता जगभरचे लोक तो पाहत आहेत.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायला आम्ही गेलो होतो. तिने काचेवरच्या प्रखर दिव्यांखालून तीन अंगठ्या उचलल्या आणि विक्रेत्याची परवानगी घेऊन दुकानाच्या दाराशी, सावलीतल्या उजेडात नेऊन हात लांब धरून पाहिल्या. तिने पेर आकार निवडला. मी असते तर तो घेतला नसता, पण तिने तो वेगवेगळ्या उजेडांत पाहून घेतला होता आणि टोकावरचे कोंदण तपासले होते.

माझी विनंती एवढीच आहे की पुढील पुरवणीत 'कट'विषयीच्या त्या विधानाची दुरुस्ती आपण प्रसिद्ध करावी, आणि जुने हिरे पुन्हा घडवण्याचा सल्ला देताना आधीचे वजन व घडवल्यानंतरचे अपेक्षित वजन सराफाकडून लेखी घ्यावे, ही सूचनाही सोबत छापावी.

आपली विश्वासू,
एक वाचक,
गिरगाव, मुंबई