मनूला, त्या 'सध्या'बद्दल

मनू,

पोचल्याचा मेसेज मिळाला. एका शब्दाचा. "पोचले." पुढे ना बाबा ना काही. आईला मात्र तीन व्हॉइस नोट, त्यातली एक चार मिनिटांची, मी पलीकडच्या खोलीतून सगळी ऐकली, माझं नाव काही आलं नाही. म्हणून लिहितोय. फोन केला असता तर मी परत तेच सुरू केलं असतं, हे तुझ्याआधी मलाच माहितीये.

तर मी मोठ्या काकांना फोनवर म्हटलं, "सध्या आर्ट्सला आहे", आणि नेमकी तू चार्जर शोधत बाहेर आलीस. "सध्या म्हणजे काय रे बाबा?" एवढंच विचारलंस. आणि मग मी जो सुटलो तो अर्धा तास, त्यातली निम्मी वाक्यं महिनाभर मनात घोळवून ठेवली होती ती सगळी एकदम बाहेर पडली. 'नोकरी कोण देणार' हे मी तीनदा म्हणालो असं आई म्हणते. दोनदाच म्हणालो, पण असो. मग तू म्हणालीस, माझे चार विषय तरी सांग, आणि मी इतिहास, तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र म्हणून अडकलो. चौथा साहित्य. रात्री दीड वाजता आठवला, तेव्हा तुला उठवावंसं वाटलं होतं.

साहित्य कसा विसरलो कळत नाही, कारण तुझा पहिला निबंध मीच तर प्रिंट काढून दिला होता. अकरा पानं. मॅडमनी शेवटी लाल पेनाने दोनच शब्द लिहिले, "मुद्दा काय?" आणि तू फोनवर रडलीस. मला तेव्हा काय बोलावं सुचलं नाही, आता सुचतंय. आमच्याकडे ऑडिटला एकच नियम, व्हाउचर नाही तर एन्ट्री नाही. समोरचा माणूस कितीही भला असो, गोष्ट कितीही पटणारी असो, कागद दाखव. तुमच्या तळटीपा म्हणजे तेच की! तू जे म्हणतेस ते कशावरून म्हणतेस, आणि ते मूळ पुस्तकात आहे की कोणाच्या तरी नोट्समध्ये. मूळ वाच. नोट्सवर पास होता येतं, पण नोट्स वाचून स्वतःचं मत होत नाही. आणि ते एआयकडून निबंध लिहून घ्यायचं खूळ तुझ्या रूममेटला असेल तर असू दे, तू नको, एकतर ते खोटे संदर्भही छातीठोकपणे देतं आणि दुसरं म्हणजे लिहिता लिहिताच आपल्याला नक्की काय म्हणायचंय ते कळत असतं, ते दुसऱ्याने लिहिलं तर कळायचं कोणाला? आणि जोडीला थोडं स्टॅटिस्टिक्स कर, एखादी परकी भाषा आत्ताच धर, तिसऱ्या वर्षाला वेळ मिळत नाही, आणि इंटर्नशिपचं

बघ. झालं सुरू. सॉरी. वरचं खोडणार होतो पण राहू दे, व्हाउचरचं तरी बरोबर आहे.

तू मागच्या सेमला त्या लोरेन्झो व्हालाचं सांगितलंस तेव्हा मी नुसतं हं हं केलं, मॅच चालू होती. पण ऐकत होतो. सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला पश्चिमेकडचं अख्खं राज्य लिहून दिल्याचा तो कागद, आणि या माणसाने १४४० साली नुसत्या भाषेवरून तो बनावट ठरवला, चौथ्या शतकातला रोमन दस्तऐवज म्हणता मग त्यात 'सॅट्रप', म्हणजे इराणी सुभेदार, कुठून आले, तेव्हाच्या रोममध्ये अधिकाऱ्यांना असं कोण म्हणायचं. तू सांगत होतीस आणि मला दादाची चिठ्ठी आठवत होती. तो सहावीत, तू दुसरीत. माझ्या नावाने शाळेत द्यायला त्याने चिठ्ठी लिहिली, सही तर अशी हुबेहूब की मीच फसलो असतो. तू ती वाचलीस आणि म्हणालीस, "ही बाबाची नाही. बाबा 'नम्र विनंती' लिहीत नाही, बाबा 'कळावे' लिहितो." दादा आठवडाभर तुझ्याशी बोलला नाही. मी त्याला रागावलो खरा, पण रात्री आईला म्हटलं की ही पोरगी ऑडिटला जाणार. म्हणजे आवड दिसली होती तेव्हाच, नाव मी चुकीचं दिलं.

तू गेल्यावर तुझ्या टेबलावर ती लिनिअर बी नावाच्या जुन्या लिपीवरची झेरॉक्स राहिली होती. वाचली. सगळी. क्रीट बेटावर नोसॉसला १९०० पासूनच्या खोदकामात मातीच्या पाट्या सापडतात, लिपी कोणाला वाचता येत नाही, भाषा कुठली तेही माहीत नाही. आणि ती ॲलिस कोबर, दिवसभर कॉलेजात शिकवायची आणि रात्री घरी बसून चिन्हं मोजायची. महायुद्धामुळे कागद मिळेना तर जुनी ग्रीटिंग कार्डं, पत्रकं, जे मिळेल ते कापून त्याच्या चिठ्ठ्या केल्या, एक लाख ऐंशी हजार, आणि त्या सिगारेटच्या खोक्यांत लावून ठेवल्या! त्यातून तिला दिसलं की काही शब्दांचं मूळ तेच राहतं आणि शेवट बदलतात, आपलं घर, घराला, घरातून असतं तसं. एक अक्षर वाचता येत नसताना विभक्ती सापडली. मी हे दोनदा वाचलं. मग १९५२ ला मायकेल व्हेंट्रिसने लिपी सोडवली, तो तर आर्किटेक्ट, आणि भाषा निघाली जुनी ग्रीक. आणि त्या पाट्यांवर काय होतं? मेंढ्या किती, लोकर किती आली, किती यायची बाकी, तेल कोणाला दिलं. अगं, हिशेब! राजवाड्याला आग लागली म्हणून माती भाजली आणि पाट्या टिकल्या, नाहीतर त्यांचा वर्षाचा कच्चा हिशेब होता तो नुसता. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की तीन हजार वर्षांपूर्वीची येणेबाकी माझ्या मुलीच्या कोर्सला आहे. दोघांनी विचारलं कुठलं कॉलेज. एकाने विचारलं, पुढे काय करणार.

आणि इथेच माझी गाडी परत अडते. कारण त्याच झेरॉक्समध्ये खाली होतं की कोबर १९५० ला गेली, त्रेचाळीसाव्या वर्षी, लिपी सुटायच्या दोन वर्षं आधी. तू ते वाचून मार्जिनमध्ये लिहिलंयस, "तिच्याशिवाय झालंच नसतं." मी वाचलं तेव्हा डोक्यात आलं, एवढं करून तिला काय मिळालं. एकाच ओळीवर तू काय लिहितेस आणि मी काय. तुझा मुद्दा बरोबर असेल. पण मला रिटायर व्हायला तीन वर्षं राहिलीत आणि आत्याचं काय झालं ते तू ऐकून आहेस, मी डोळ्यांनी पाहिलंय, हुशारीत ती आम्हा सगळ्यांच्या वर होती आणि शेवटी प्रत्येक गोष्टीला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायची वेळ आली. तिने शिकून चूक केली असं नाही म्हणत. मी घाबरतो एवढंच म्हणतोय. त्या रात्री हे एक वाक्य बोललो असतो तर अर्धा तास लागला नसता.

तुला मी कधी सांगितलं नाही, अकरावीत मलाही इतिहास घ्यायचा होता. घरी विचारलं नाही, काय उत्तर येईल माहीत होतं. तू निदान भांडलीस.

तुझी जाडी डिक्शनरी इथेच राहिलीये, बॅगेत बसली नाही असं आई म्हणाली. कुरिअरने खराब होईल, मी पुढच्या शनिवारी घेऊन येतो, तासभर भेटतो आणि लगेच निघतो, राहणार नाही. चष्म्याचा नंबर तपासून घे. पाठीचं दुखणं गादीमुळे आहे का बघ.

मोठ्या काकांना काल परत फोन केला. 'सध्या' काढून सांगितलं. ते म्हणाले बरं, मग पुढे काय? मी म्हटलं पुढच्या सेमला लिपीशास्त्र आहे. ते जरा वेळ काही बोलले नाहीत, मग पावसाचं विचारलं.

लिपीशास्त्रच घेतलंयस ना? ऑप्शनल आहे म्हणाली होतीस. दुसरं काही घेतलं असशील तर कळव, त्यांना फोन करून दुरुस्त करतो.

कळावे,
बाबा