लेथ बदलायचा का? आई-बाबांना पत्र

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "चालतोय ना लेथ? मग बदलायचा कशाला? आणि बदलायचाच असेल तर कागदावर दाखव." म्हणून हे पत्र. ऑफिसात रोज दुसऱ्यांच्या मशीनचे हिशेब करते, पण जिथं लेथवर लोखंड फिरवून कातलं जातं त्या आपल्या उद्यमनगरच्या शेडचा करताना हात जरा जपूनच चालला.

आधी आईला सांगायचं आहे. आई, तू रोज संध्याकाळी वहीत किती नग रिजेक्ट झाले, किती पुन्हा घासायला लागले ते लिहितेस ना, सगळा हिशेब त्याच वहीवर उभा आहे. बारा महिन्यांची बेरीज केली तर माल, मजुरी, वीज धरून १ लाख ८० हजार रुपये त्यात गेलेत. आपल्यापैकी कुणालाच हा आकडा एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं.

असं का होतं ते बाबांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मोठ्या लेथचा बेड, म्हणजे ज्यावरून टूल सरकतं तो पाया, नग धरणाऱ्या चकापासून वीतभर अंतरावर घासलाय. शाफ्टवर टूल तिथं आलं की बाबा हँडल केसभर आत घेतात, जरा पुढं गेलं की परत सोडतात. मी लहानपणापासून बघत आलेय, तुमचं लक्ष त्या वेळी टूलकडं नसतं, आवाजाकडं असतं. तुम्ही उभे असलात की शाफ्ट मापात येतो. काका उभे राहिले की पॉइंट झिरो फोरचा टेपर, एक टोक जाड, एक बारीक. म्हणजे त्या लेथची अचूकता आता लेथमध्ये उरलेली नाही, तुमच्या मनगटात आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्ही किती तास उभं राहायचं, हे मला विचारायचंच आहे.

आता पैसे. नवा सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा लेथ, २० लाख. फाउंडेशन, स्टॅबिलायझर, टूलिंग मिळून २ लाख. कच्चा माल जास्त ठेवावा लागेल, त्याचा १ लाख. दोन्ही मोठे लेथ विकून ३ लाख येतील. म्हणजे खिशातून २० लाख. जीएसटीचे ३ लाख ६० हजार यात धरले नाहीत, कारण त्याचं क्रेडिट मिळतं. पण ते वळतं होईपर्यंत पैसे अडकतील, त्याची सोय वेगळी करा.

"आत्ताच लेथच्या हेडस्टॉकवर ९० हजार घातलेत," असं तुम्ही म्हणालात. बाबा, ते गेले. मशीन घेतलं तरी परत येणार नाहीत, नाही घेतलं तरी नाहीत. हिशेबात ते येत नाहीत, आणि तुम्ही तो लेथ कितीला घेतला होता तेही येत नाही. उलट आज बाजारात त्या दोन लेथचे ३ लाख येतात, ते न घेणं हा जुना लेथ ठेवण्याचा खर्च आहे. जुना लेथ फुकट चालत नाही.

दरवर्षी फायदा किती? रिजेक्शन १ लाख ८० हजार, दुरुस्ती ७० हजार, आणि शिरोलीची पार्टी देईन म्हणतेय त्या नव्या कामातून इन्सर्ट (टूलची बदलायची पाती), वीज, मेंटेनन्स वजा जाता साडेतीन लाख. एकूण ६ लाख. काकांचा पगार मी बचतीत धरला नाही. काकांना काढायचं नाहीच आहे, त्यांना सीएनसी शिकवायचं आहे, मग ती बचत दाखवणं खोटं ठरेल.

डीलरनं २० भागिले ६ करून "तीन वर्षं चार महिन्यांत पैसे वसूल" सांगितलं. त्यात टॅक्स नाही, फिटिंगचा खर्च नाही. ३० टक्के टॅक्स जाऊन, मशीनची किंमत दरवर्षी घटते म्हणून धरायच्या १५ टक्के घसाऱ्यामुळं वाचणारा टॅक्स मिळवून हातात पहिल्या वर्षी साधारण ५ लाख येतात, पुढं हळूहळू कमी होत आठव्या वर्षी साडेचार. पैसे सुटायला चार वर्षांहून थोडा जास्तच वेळ लागतो. दादानंही हिशेब मांडलाय, त्याच्या कागदात उलटी चूक आहे. त्यानं कर्जाचा हप्ताही वजा केलाय आणि वर १२ टक्क्यांनी रक्कमही कमी केलीय. व्याज त्या १२ टक्क्यांतच आलं, ते दोनदा कापायचं नसतं.

हे १२ टक्के म्हणजे काय? भिशी आठवा. गरजू माणूस पहिल्याच महिन्यात घाटा सोसून भिशी उचलतो, कारण आज हातात पडलेला पैसा नंतरच्या पैशापेक्षा मोठा असतो. तसंच पाच वर्षांनी मिळणारे १०० रुपये आज जेमतेम ५७. आठ वर्षांची प्रत्येक रक्कम अशी आजच्या भावात आणली, शेवटी मशीन ५ लाखाला विकलं आणि मालातला १ लाख सुटला असं धरलं, त्यातून २० लाख वजा केले. ६ लाख वर उरतात.

इथं थांबले असते तर "घ्या" असं लिहून मोकळी झाले असते. पण शिरोलीचं काम आलंच नाही, असं धरून पुन्हा केलं. तेव्हा ६ लाख खड्डा पडतो. अर्धं काम आलं तर ना नफा, ना तोटा. म्हणजे बाबा, सगळा निर्णय त्या एका पार्टीच्या तोंडी शब्दावर टांगलेला आहे. मशीन किती वर्षं टिकेल, विकताना किती येतील, यानं एवढा फरक पडत नाही. तुम्ही शब्दावर धंदा केलात, ते मला माहीत आहे. पण २० लाख शब्दावर घालू नका.

त्यांच्याकडून दोन वर्षांचा रेट आणि महिन्याचे नग लेखी घ्या. निम्म्याहून जास्त काम कागदावर आलं की बुकिंगचा ॲडव्हान्स द्या, मी स्वतः बँकेत येते. नाही आलं तर बेड ग्राइंड करून, म्हणजे तासून पुन्हा सरळ करून आणा. तो खर्च खूप कमी आहे, आणि रिजेक्शनचा मोठा भाग तिथंच थांबेल. छोटा लेथ मात्र कुठल्याही परिस्थितीत विकू नका, शेतकऱ्यांचे पंपाचे शाफ्ट सीएनसीवर परवडत नाहीत.

आई, वहीत आता एक रकाना वाढव: नग कुणी केला, बाबांनी की काकांनी. मी पुढच्या शनिवारी येतेय, तोवर आठवड्याचं पान भरून ठेव. ते बघितलं की बेड ग्राइंडिंगचा हिशेबही मांडता येईल. आणि बाबांना डोळ्यांत ड्रॉप्स घालताना स्वतः उभी राहा, ते विसरतात.

तुमची,
ताई